कृपया एकदा बंद करून पुन्हा सुरू करा

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. नाहीतर हा किस्सा तुम्ही दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकाल, आणि आमच्या कोल्हापुरात ऐकीव गोष्टीला तिखट जरा जास्तच पडतं. लग्न मोडणारे लोक तुम्ही पाहिले असतील. भावकीत असतात, शेजारी असतात, काहींचा तर तो छंदच असतो. पण स्वतःचंच लग्न, ते ठरायच्या आधी, आणि तेही गाढ झोपेत मोडणारा माणूस पाहिलाय का कधी? मग नीट बघून घ्या. खारी घ्या, लाजू नका.

मोबाइलला बटणं होती आणि नेट फोनच्या तारेतून यायचं, तेव्हाची गोष्ट. मी राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत होतो. खालच्या मजल्यावर इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास, वरच्या मजल्यावर आम्ही. दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करायचो. माणूस चरवी घेऊन येतो, दुधाचं वजन होतं, फॅट लागते, सगळं कॉम्प्युटरात जातं आणि त्याच्या हातात चिठ्ठी पडते. एवढंच काम. पण ते पहाटे पाचला चालू होतं, कारण म्हशीला रविवार कळत नाही आणि थंडीही कळत नाही. त्यामुळे तक्रारीसुद्धा पहाटे पाचला चालू व्हायच्या.

आमच्या मालकांना सगळे दादा म्हणायचे. हे दादा एकदा बंगळूरला गेले आणि तिथल्या मोठ्या कंपन्या बघून डोक्यात वारं भरून परत आले. म्हणाले, इथून पुढं फोनवर तक्रार घ्यायची नाही. वेबसाइटवर घ्यायची. प्रत्येक तक्रारीला नंबर, प्रत्येक तक्रारीचं वेगळं पान. गिऱ्हाइकानं लिहायचं, आपण खाली उत्तर लिहायचं, त्यानं परत लिहायचं, आपण परत. याला तिकीट म्हणतात म्हणे. आणि ही सगळी पानं सगळ्या संस्थांना दिसणार. आपलं काम उघडं असतंय, बघू दे की सगळ्यांना, असं दादांचं म्हणणं.

आता मला सांगा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला दुसऱ्याची तक्रार वाचायची आणि तिच्याखाली आपलं मत लिहायची सोय करून दिली, तर काय होईल? आठवडाभरात त्या वेबसाइटचा गावातला पार झाला. शिरोळच्या संस्थेचा काटा बिघडला की राधानगरीचा सेक्रेटरी खाली लिहायचा, आमचा चांगला चाललाय. बाकी काही नाही, नुसतं एवढंच कळवायला.

दादांनी नियम केला होता की गिऱ्हाइकानं काहीही लिहिलं तरी दहा मिनिटांत आपलं उत्तर पडलंच पाहिजे. नाही पडलं तर दादांच्या केबिनमधल्या पडद्यावर ती ओळ लाल व्हायची, आणि मग दादाही लाल व्हायचे. हे उत्तर टाकायचं काम कुणाचं? तुमच्यासमोर बसलेल्या या गरिबाचं. पंधरा-वीस दिवस मी पहाटे उठून अंगावर चादर घेऊन उत्तरं लिहिली. आईला वाटायचं, पोरगं जप करतंय.

मग मला तो वर्कफ्लोचा प्रकार सापडला. त्याच वेबसाइटला जोडता येणारं एक साधन होतं. त्यात चौकोन काढायचे आणि बाण जोडायचे. असं झालं की तसं कर. नवीन तक्रार आली की अमुक उत्तर टाक, फोटो आला की तमुक उत्तर टाक. आणि उत्तर पडणार माझ्या नावानं. म्हणजे मी पांघरुणात आणि माझं नाव ड्युटीवर. मला सांगा, यापेक्षा सुंदर काही असू शकतं का?

एका दुपारी बसून मी सगळे चौकोन काढले. नवीन तक्रारीला उत्तर: "आपली अडचण समजली. कृपया एकदा बंद करून पुन्हा सुरू करा." हे वाक्य माझं स्वतःचं, अनुभवातून आलेलं. तेवढ्यावर भागलं नाही आणि गिऱ्हाइकानं परत लिहिलं तर फोटो मागायचा. फोटो आला की त्याला धीर द्यायचा. तरीही बोलतच राहिला तर वरिष्ठांचं नाव सांगायचं. गप्प बसला तर अडचण सुटली असं समजायचं. शेवटी एक चौकोन उरला होता, तोही भरून टाकला: गिऱ्हाइकानं आपण होऊन तक्रार बंद केली तर त्याचे आभार मानून पाचपैकी गुण मागायचे. खरं तर हा चौकोन नुसता शोभेचा होता, कारण आमच्या गिऱ्हाइकानं आपण होऊन तक्रार बंद केली असं कधी घडलंच नव्हतं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी आठला उठायला लागलो, आणि ती पानं उघडून वाचायचंही सोडून दिलं. पडद्यावर एक ओळ लाल नाही. दादा सगळ्यांना सांगत सुटले, आमचा दीपक बघा, पाचच्या ठोक्याला हजर. मी मान खाली घालून हसायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

आता मुलीकडं येतो. तुम्ही मघापासून तिचीच वाट बघताय, मला कळतंय.

नेसरीच्या अलीकडं एका गावात आमचं सॉफ्टवेअर बसवायला मी गेलो होतो. तिथल्या संस्थेचे सेक्रेटरी शंकरअण्णा, करडा आवाज, पांढरी टोपी. त्यांची मुलगी अश्विनी बी.कॉम. झालेली, सकाळच्या पाळीला कॉम्प्युटरवर तीच बसायची. मी दिवसभर तिला सगळं समजावून सांगितलं. तिला ते पहिल्या तासातच आलं होतं, पण मी संध्याकाळपर्यंत पुरवून पुरवून सांगितलं. निघताना रुबाबात म्हणालो, काही अडचण आली तर कळवा. त्यावर ती अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाली, "आणि अडचण नसली तर कळवायचं न्हाई काय?"

कोल्हापूरपर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला आजही आठवत नाही. माझं मन बसलं त्या मुलीवर. उगाच आडवळणानं कशाला सांगू?

त्या वेळी आमच्या घरात माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं, आणि ते काम मामाकडं होतं. मामा जाईल तिथून हात हलवत यायचा. मुलगा काय करतो विचारलं की मामा सांगायचा, कॉम्प्युटरात असतो. पुढचं ऐकायला कुणी थांबायचं नाही. मला मामाला सांगायचं होतं की एकदा नेसरीकडं जाऊन ये. पण लाज. आज सांगू, उद्या सांगू करत दोन महिने गेले. घाई कशाला, असं वाटायचं. झोप छान लागत होती.

आणि एके दिवशी पन्हाळ्याकडच्या एका संस्थेचे सेक्रेटरी काही कामानं ऑफिसात आले. मी पुढं होऊन नमस्कार केला. त्यांनी केला नाही. खुर्चीत बसले, माझ्याकडं खालून वर बघितलं आणि म्हणाले, "पावणं, पोरगी पसंत न्हाई तर न्हाई म्हना की. सगळ्या जिल्ह्यासमोर तिच्यात दोष काय काढताय?"

मी म्हटलं, कुठली पोरगी? ते म्हणाले, शंकरअण्णांची. माझ्या हातातला चहा बशीत आला. त्यांनीच मला तक्रारीचा नंबर सांगितला. त्यांना पाठ होता. नंतर कळलं, जिल्ह्यात बऱ्याच जणांना पाठ होता.

मी ते पान उघडलं. वरती पहिली ओळ अश्विनीची होती, दीड महिन्यापूर्वीची, पहाटेची. "अडचण काहीच नाही. सहज कळवलं."

तिच्याखाली लगेच, त्याच मिनिटाला, माझ्या नावानं: "आपली अडचण समजली. कृपया एकदा बंद करून पुन्हा सुरू करा."

हसू नका. हसा, पण थोडं. मी ती ओळ पुन्हा वाचली. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात एका मुलीनं मला सहज कळवलं होतं, आणि मी तिला बटण बंद करायला सांगून कुशीवर वळलो होतो.

त्याच्या खाली शंकरअण्णा होते. नवीन तक्रार कशी काढायची ते त्यांना जमत नसे, म्हणून उघड्या दिसलेल्या पानावरच त्यांनी एका बोटानं लिहिलं होतं. संस्थेच्या माणसाला लेखी गोष्टीचाच भरवसा, त्यात फोन करायला आम्हीच बंदी घातलेली. "नमस्कार इंजिनिअरसाहेब. आपली चौकशी केली आहे. घर चांगलं आहे, आणि आपण पहाटे उठून काम करता हे आम्ही रोज बघतो. आमची कन्या अश्विनी हिच्यासाठी आपला विचार आहे. आपलं मत कळवावं."

माझं मत कळवायला कुणी विलंब केला नव्हता. "नेमका दोष शोधण्यासाठी कृपया फोटो जोडावा."

अण्णा सज्जन माणूस. त्यांनी दोषाकडं दुर्लक्ष केलं असणार, शहरातल्या लोकांची बोलायची पद्धत म्हणून. फोटो मागितलाय तर रीतीप्रमाणं फोटो पाठवू, असा विचार करून त्यांनी पाठवला. गडहिंग्लजच्या स्टुडिओत काढलेला, निळी साडी, शेजारी कुंडी. तिच्या डोळ्यांत तेच होतं, अडचण नसली तर कळवायचं न्हाई काय.

त्या फोटोच्या खाली माझं उत्तर: "फोटो मिळाला. असाच दोष याआधी इतर ठिकाणीही आढळला आहे. काळजी नसावी, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केली जाईल."

अण्णांनी यावर दोनच शब्द लिहिले होते. "कसला दोष?"

त्यावर माझ्या नावानं: "आपला विषय वरिष्ठांकडे पाठवला आहे."

इथून पुढं जिल्हा उतरला. पन्हाळ्याच्या या सेक्रेटरींनी लिहिलं होतं, मुलगी आम्ही समक्ष पाहिलेली आहे, दोष नाही. वरिष्ठांकडे पाठवलं. कागलहून एकानं विचारलं होतं, वरिष्ठ म्हणजे मुलाचे वडील काय? वरिष्ठांकडे पाठवलं. शिरोळवाल्यानं लिहिलं होतं की त्या वरिष्ठांना घेऊन एकदा आमच्याकडं या, इथं समजावून सांगतो. त्यालाही पाठवलं. राधानगरीवाल्यानं तेवढं आमच्याकडं दोन मुली आहेत, निर्दोष, असं लिहून ठेवलं होतं.

अण्णा मात्र त्यानंतर गप्प झाले होते. आणि ते गप्प झाल्यावर, ठरलेले दिवस भरताच, माझ्या नावानं शेवटचं उत्तर पडलं होतं: "प्रतिसाद न आल्यामुळे आपली अडचण सुटली असे समजतो."

मी तिथल्या तिथं सगळे चौकोन बंद केले. दादांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं, ते खोटं नव्हतं. पेढ्यांचा पुडा घेतला आणि गाडीला किक मारली.

वाटेत मी सगळं ठरवलं होतं. सरळ सांगायचं की यातलं एकही अक्षर माझं नाही, सगळं यंत्रानं लिहिलं. यंत्राला काय कळतंय? चूक यंत्राची, मी निर्दोष. कुणीही हसून सोडून देईल. गडहिंग्लज येईपर्यंत माझा आत्मविश्वास इतका वाढला की मी शीळ घालायला लागलो.

अण्णा घराच्या सोप्यात बसले होते, शेजारी त्यांचे धाकटे भाऊ. कुणी ये म्हणालं नाही, पण पाणी आलं. आमच्याकडं दुश्मनालाही पाणी देतात, त्यामुळे त्यावरून काही अंदाज लागेना. पेढ्यांचा पुडा कुठं ठेवावा ते कळेना म्हणून मांडीवरच घेऊन बसलो. म्हटलं, अण्णा, ते मी लिहिलेलं नाही.

"मग कुनी?"

मी सगळं सांगितलं. चौकोन, बाण, असं झालं की तसं कर. आपोआप उत्तर जातं, नाव माझं पडतं. अण्णांचा चेहरा हळूहळू सैल झाला. धाकटे भाऊ तर म्हणाले, तरीच, मी म्हणत हुतो की ह्यो मानूस असा न्हाई. माझा जीव भांड्यात पडला. पुडा सोडायला मी दोऱ्याला हात घातला.

तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "आन् पाटं पाचला, दूध घेताना उत्तर यायचं, ते?"

बघा. या प्रश्नाचा मी अख्ख्या रस्त्यात विचार केला नव्हता. ते उत्तर मी दिलेलं म्हणावं, तर दोषाचं उत्तरही माझंच ठरतं. दोषाचं उत्तर यंत्राचं म्हणावं, तर पहाटेचंही यंत्राचंच. आणि अण्णांनी मला पसंत केलं होतं ते त्या पहाटेवर.

म्हटलं, तेही यंत्रच.

"मग तू काय करत हुतास?"

"झोपलेलो."

गोठ्यात म्हैस रेकली. मग अण्णा शांतपणे म्हणाले, "आमी घरात सगळ्यांस्नी सांगितलं, पोरगं बघा, आमच्या आधी उठतंय." एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चहा घेऊन अश्विनीच आली. कप माझ्यासमोर ठेवला आणि उभी राहिली. म्हणाली, "माझं पहिलं लिहिलेलं तरी वाचलं होतं का?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्यासमोर जमलं नाही. म्हटलं, आज वाचलं.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या बरंमध्ये काय काय होतं, ते मी परतीच्या सबंध रस्त्यात मोजत होतो. पुडा तिथंच राहिला, ते एक बरं झालं. निदान पेढे तरी पसंत पडले असतील.

त्या दिवसापासून मी खरोखर पाचला उठायला लागलो. प्रत्येक तक्रार वाचायचो, हातानं उत्तर द्यायचो. दादांच्या पडद्यावर ओळी लाल व्हायला लागल्या, कारण माणसाला विचार करायला वेळ लागतो. दादा म्हणाले, दीपक, तू अलीकडं ढिला पडलायस.

आणि एका पहाटे हिय्या करून मी त्या पानावर, सगळ्या जिल्ह्याच्या देखत, स्वतःच्या हातानं लिहिलं: "सहज कळवलेलं मी वेळेवर वाचलं नाही. दोष असलाच तर माझ्यात आहे, फोटोत नव्हता. अडचण अशी आहे की मला तुम्ही पसंत आहात. आता पहाटे उठतो. विचार व्हावा." आयुष्यात एवढं खरं मी कधी लिहिलं नव्हतं.

दिवसभर पान उघडं ठेवून बसलो. पन्हाळेकरांनी लिहिलं, आता जमतंय. कागलकरांनी लिहिलं, उशीर झाला पण सरळ बोलला. शिरोळकरांनी वरिष्ठांची चौकशी केली. संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला अश्विनीचं उत्तर आलं.

"आपला मजकूर मिळाला. असाच दोष याआधी इतर स्थळांमध्येही आढळला आहे. पुढची आवृत्ती निघाल्यास कळवावे."

आणि तिनं तक्रार बंद केली. आपण होऊन. आमच्या कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीतरी.

मला खरंच वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल. पण ते पाणी खाली उतरायच्या आत त्या पानावर, माझ्या नावानं, टपकन एक ओळ पडली. बाकीचे चौकोन मी बंद केले होते. शोभेचा तेवढा विसरलो होतो.

"तक्रार बंद केल्याबद्दल आभार. आपण समाधानी आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. कृपया पाचपैकी गुण द्यावेत."

तिनं पाच दिले. खाली शेरा लिहिला: "उत्तर लगेच मिळतं. माणसाची गरज पडली नाही."

दादांना पुढचं-मागचं काही माहीत नव्हतं, त्यांना फक्त गुण दिसले. पाचपैकी पाच मिळालेली आमची ती पहिलीच तक्रार. त्यांनी तो शेरा मोठ्या अक्षरात छापून घेतला, वर माझं नाव आणि फोटो घातला, आणि काचेत बसवून ऑफिसच्या दारात लावला. अजून आहे तिथं. राजारामपुरीत आलात तर बघून या.